अकरा पावलं

क्लिपबाई
३ नोव्हेंबर

डेल्विन,

तू फोनवर माझा नंबर बंद केलास. कागदाला कसं बंद करतोस ते बघू. हे पाकीट फानीच्या टॅक्सीतून येतं आहे. तो दर मंगळवारी ब्लाऊबर्गला गिऱ्हाइकं सोडायला येतो आणि पतंग धरून फळीवर समुद्र कापायला तू शिकवतोस ती शाळा त्याला माहीत आहे. माझं अक्षर मिशनच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं. वाचायला त्रास होईल, पण वाच.

सोबत पार्सल आहे. त्यात तुझा जुना पाच मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट आहे, जो तू जाताना माझ्या पडवीत फेकून गेलास. डाव्या काखेची शिवण उसवली होती. मी आतून पट्टी चिकटवली, वरून पुन्हा शिवली आणि टबात पाणी भरून तपासली. एक थेंब आत येत नाही. रबरी टोपी, हातमोजे आणि बूटही ठेवलेत. टोपीच्या आत तुझ्या आईने तुझं नाव शिवलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

आता मुद्द्याचं. काल मार्लीसने मला तिच्या बचाव-शाळेच्या ऑफिसात बोलावलं. तुला माहीत आहे, बोलायचं असलं की ती किनाऱ्यावरच बोलते. ऑफिसात बोलावलं म्हणजे काहीतरी नको ते असणार. तिने जानेवारीच्या पतंगांच्या शर्यतीच्या आयोजकांकडून आलेला एक कागद पुढे केला. त्यावर तुझी सही होती. शेवटच्या टप्प्यात क्लिपबाईच्या बचाव-बोटीने, म्हणजे योसियासच्या बोटीने, मला हात लावू नये, माझी जबाबदारी माझी, असं त्यात होतं.

मार्लीस म्हणाली, "तुम्ही दोघं घरात भांडा ना, माझ्या शर्यतीत कशाला?"

मी कागद दोनदा वाचला. काळ्या खडकांपासून आपल्या गावापर्यंत दहा किलोमीटर मोकळा समुद्र आहे आणि त्या दहा किलोमीटरमध्ये माझ्याशिवाय दुसरी बोट नसते, हे तुला मी नकाशावर दाखवायला नको. तिथे पडलास तर तुला काढणारं कोणी नाही असा अर्ज तू स्वतःच्या हाताने केला आहेस.

तो कागद मागे घे. मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, पण कागद मागे घे.

तुझा काका, तुझा ऊम
योसियास


१९ नोव्हेंबर

डेल्विन,

पार्सल परत आलं. दोरीची गाठसुद्धा मी बांधलेली तशीच होती. वर जाड पेनाने लिहिलं होतं, "मला कपडे आहेत." बस. पंधरा दिवस वाट बघून तीन शब्द मिळाले. फानीने पार्सल माझ्या दारात आपटलं आणि म्हणाला, "मी टॅक्सी चालवतो भाऊ, पोस्ट नाही. आणि तुमच्यातला पाद्री तर मुळीच नाही." मी त्याला दोन वाळवलेले मासे दिले तेव्हा तो पुढच्या मंगळवारी यायला तयार झाला. तुझ्यापेक्षा त्याला पटवणं सोपं आहे.

तुझे कपडे मी पाहिलेत. तुला पैसे देणाऱ्या नव्या कंपनीच्या जाहिरातीत आहेत. तीन मिलिमीटरचा, कोपरापर्यंतच्या बाह्यांचा, छातीवर हातभर अक्षरं. डोक्यावर काही नाही, कारण तुझे केस दिसले पाहिजेत. फोटो छान आहे. तुझ्या आईने तो फ्रिजवर लावला आहे. पण तो फोटो काढणारा माणूस वाळूवर उभा होता.

मी तुला हजार वेळा सांगितलं आणि आता हजार एकव्या वेळी सांगतो, कारण मी कंटाळलो असलो तरी समुद्र कंटाळलेला नाही. आपल्याकडे दक्षिणेचा वारा तीन दिवस सलग वाहिला की वरचं कोमट पाणी तो बाहेर ढकलतो आणि खालचं काळं, गार पाणी वर येतं. डिसेंबर-जानेवारीत ऊन इतकं असतं की वाळूवर पाय ठेवता येत नाही, आणि त्याच वेळी पाणी दहा अंशांवर आलेलं असतं. बाहेरचे लोक उन्हाकडे बघून कपडे घालतात. त्यांचं मी समजू शकतो. तू इथे जन्मलास. अंगावर काय घालायचं ते पाण्याला विचारायचं, आभाळाला नाही, हे तू बोलायला लागायच्या आधी शिकलास.

आणि गेल्या जानेवारीचं. तुझ्या मते मी तुझी शर्यत मोडली. तू पहिला होतास, एक किलोमीटर उरला होता, हे मला मान्य आहे. पण मी दुर्बिणीतून काय पाहिलं तेही ऐक. तुझा पतंग दोनदा पाण्यात पडला. पहिल्यांदा तू तो उठवलास. दुसऱ्यांदा तुला कमरपट्ट्याची कडी पतंगाच्या दांडीत अडकवता येईना. चार वेळा तू प्रयत्न केलास, चारही वेळा बोटं घसरली. ज्या बोटांना कडी अडकवता येत नाही त्यांना सुटकेचा लाल खटकाही ओढता येत नाही. मग वारा तुला कुठे नेईल ते त्याच्या मर्जीवर. मी बोट जवळ घेतली तेव्हा तू म्हणालास, "सोडा मला ऊम, होईल." ते शब्द तू दारू प्यायल्यासारखे बोललास, आणि तू दारू पीत नाहीस. तुझं थरथरणं थांबलं होतं. थरथरतो तोवर माणूस लढत असतो, हे तूच पोरांना शिकवतोस ना?

मी तुला बोटीत घेतलं, आडवं ठेवलं, वारा लागू नये म्हणून ताडपत्रीत गुंडाळलं आणि चौघांना बोलावून स्ट्रेचरवरून किनाऱ्यावर आणलं. तू त्या स्ट्रेचरवरून मला जे ऐकवलंस ते चर्चच्या डीकनच्या बायकोने ऐकलं आणि अजून ती मला त्याबद्दल विचारते.

मी नियमाप्रमाणे वागलो. बाकी मला काही सांगायचं नाही.

योसियास


१ डिसेंबर

डेल्विन,

बाकी मला काही सांगायचं नाही असं लिहिलं होतं. ते खोटं ठरलं.

काल आगमनाचा पहिला रविवार होता. चर्चनंतर राखेलने, तुझ्या आईने, आम्हाला जेवायला बोलावलं. माशाचं कालवण होतं, भोपळा होता, तिचं ते दालचिनीचं गोड होतं. दोन पाहुणे होते, शहरातून आलेले, मार्लीसच्या ओळखीचे. त्यांनी भिंतीवरचा तुझ्या पाचा, माझ्या भावाचा, फोटो पाहिला आणि राखेलने नेहमीची गोष्ट सुरू केली.

ती कशी सांगते ते तुला ठाऊकच आहे. अबेलची होडी उलटली, तास दीड तास तो तिला धरून पाण्यात होता, योसियासने त्याला आणलं, आणि तो स्वतःच्या पायांनी किनाऱ्यावर चालत आला. अकरा पावलं. मग वाळूवर बसला आणि गेला. "समुद्राला तो मिळाला नाही," असं ती शेवटी म्हणते. "तो जमिनीवर गेला, चालत जाऊन." पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताटाकडे बघत होतो.

पाहुणे गेल्यावर मी भांडी पुसायला थांबलो. तेव्हा तिने विचारलं. दहा महिने तिने हे विचारलं नव्हतं.

"योसियास, माझ्या मुलाला तू उचलून का आणलंस?"

मी म्हटलं, नियम आहे.

"नियम मार्लीसच्या शाळेचा. आपला काय आहे ते तुला माहीत नाही?"

मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आपल्याकडे समुद्रातून जिवंत आलेला माणूस स्वतःच्या पायांवर उतरतो. पडत-झडत का होईना, दोघांच्या खांद्यावर हात टाकून का होईना, पण पाय वाळूवर त्याचे त्याने टेकवायचे. उचलून आणतात ते मेलेल्याला. म्हणून बायका वाळूवर उभ्या राहून आधी पाय बघतात, चेहरा नंतर. माझ्या आजीच्या वेळी हेच होतं, तिच्या आजीच्या वेळीही असणार. राखेलने त्या दिवशी लांबून चार माणसं आणि मधे आडवं काहीतरी पाहिलं. तिला वाटलं तू गेलास. दोन मिनिटं तिच्यासाठी तू मेला होतास. ती दोन मिनिटं मी तिला दिली. आणि तुला दिली ती फजिती, फोनवरून सगळ्या किनाऱ्यावर फिरलेली. तुझी आधीची कंपनी तुला सोडून गेली. हे सगळं मला माहीत आहे रे. तुला वाटतं मी ते विसरलो?

ती म्हणाली, "तो ओरडत होता, मला चालू दे म्हणून. तुझा भाऊ चालला. त्याच्या मुलाला तू ते करू दिलं नाहीस."

माझ्या हातात भांडं होतं. मी ते पुसत राहिलो. ते केव्हाचं कोरडं झालं होतं. घरी येऊन प्रार्थनेला बसलो. तुझं नाव मी रोज घेतो. तुझ्या पाचं नाव घेताना मी गेली काही वर्षं अडखळतो, हे माझ्या बायकोच्याही लक्षात आलं आहे. ती विचारत नाही.

कागद मागे घेतलास का? फानी म्हणतो तू पत्र घेतोस आणि खिशात घालतोस. उघडतोस का ते तो सांगत नाही.

योसियास


२७ डिसेंबर

डेल्विन,

नाताळला तू आला नाहीस. राखेलने तुझं ताट मांडलं होतं. त्यावर मी काही लिहीत नाही, लिहिलं तर पत्र फाडशील.

आज सकाळी मार्लीसला विचारलं. तुझा कागद तसाच आहे. चौदा दिवस राहिले. काल मी पाण्यात थर्मामीटर सोडला होता, खडकांच्या पलीकडे. साडेदहा अंश. वारा असाच राहिला तर नऊवर जाईल. मी तुला पाण्याबद्दल, वेटसूटबद्दल, बोटांबद्दल जे सांगायचं ते सांगून थकलो. तू ऐकणार नाहीस, कारण तुला वाटतं मी भित्रा म्हातारा आहे आणि नियमांच्या मागे लपतो. एवढं मात्र तू बरोबर ओळखलंस. मी लपतो. आता नाही लपत.

सहा वर्षांपूर्वी मार्लीसने आम्हा तिघा बोटवाल्यांना बचावाच्या वर्गाला पाठवलं होतं. शिकवायला एक नर्सबाई होत्या, ठेंगण्या, भराभर बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी वेटसूट, टोपी, एकट्याने न जाणं, किनाऱ्यावर कोणाला तरी परतायची वेळ सांगून जाणं, हे सगळं घेतलं. मला वाटलं, हे तर मी झोपेतही सांगेन. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, पाण्यातून काढलेला माणूस वाचला असं समजू नका. गारठलेल्या माणसाच्या हातापायांतलं रक्त बर्फासारखं असतं आणि हृदय काचेसारखं. त्याला आडवं ठेवा. उभं करू नका, चालवू नका. हातपाय चोळू नका, चोळलं की ते गार रक्त आत धावतं. ब्रँडी देऊ नका. वारा अडवा, छातीला आणि काखेत ऊब द्या, हळू हाताने, अंडं उचलल्यासारखं उचला.

मी वहीत सगळं लिहून घेतलं. माझी सवय, शाळेतली. "चालवू नका" असं लिहिलं आणि उठून बाहेर गेलो. बाईंना वाटलं मी सिगारेट ओढायला गेलो. मी भिंतीला टेकून उभा होतो.

आता ऐक. सतरा वर्षांपूर्वी मी तुझ्या पाला बोटीत घेतलं तेव्हा तो शुद्धीवर होता. ओठ निळे होते, पण मला ओळखलं त्याने. नुसत्या सदऱ्यावर होता, ऊन होतं ना. मी त्याचे हात चोळले, मांड्या चोळल्या, सगळा जोर लावून. बाटली होती, तिच्यातली ब्रँडी त्याच्या तोंडात ओतली. त्याला बरं वाटलं, गालांवर रंग आला. मला वाटलं, जिंकलो. तो म्हणाला, "योस, मला आडवं होऊ दे." दोनदा म्हणाला. मी म्हटलं, आता नाही अबेल, किनारा आलाय, सगळे बघतायत, उठ. तो म्हणाला, "पडू दे जरा." मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. माझ्या भावाला उचलून नेताना राखेलने बघू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. किनाऱ्यावर लोक ओरडत होते, कोण काय ओरडलं ते मला आठवत नाही. मी त्याला पाण्यात उतरवलं, ते कमरेएवढं होतं. हात सोडला. तो चालला.

अकरा पावलं मीच मोजली होती. अभिमानाने मोजली होती. राखेलला तो आकडा मीच दिला.

तुझ्या पाला समुद्राने मारलं नाही. समुद्रातून तो आला होता. बाकी तू समज. त्या बाईंचा वर्ग मी पस्तीसाव्या वर्षी, अबेल जाण्याआधी, केला असता तर काय, असले हिशेब मी खूप केले. त्यांतून काही निघत नाही. परमेश्वराने मला माफ केलं असेल, त्याला मी सांगितलं आहे. राखेलला सांगितलेलं नाही. तिच्याकडे अबेलची ती अकरा पावलंच आहेत, दुसरं काही नाही. ती मी कशी काढून घेऊ? म्हणून हे फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून जाळून टाक.

तुला मी आडवं आणलं. तू ओरडत होतास, "मला चालू द्या," आणि मला ऐकू येत होतं, "मला आडवं होऊ दे." पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा तुला उचलूनच आणेन. तू मला जन्मभर शिव्या घाल. जन्मभर घालायला तू असायला हवास, एवढंच माझं म्हणणं आहे.

कागद मागे घे, माझ्या बाळा.

ऊम योस


७ जानेवारी

डेल्विन,

मार्लीस म्हणाली, कागद मागे घेतला. आयोजकांकडून काल निरोप आला.

माझ्यासाठी एक ओळ नाही. फानीने खिसे उलटे करून दाखवले. एवढं सगळं मी लिहिलं, जे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि तू एक ओळ लिहू शकत नाहीस? "मिळालं" एवढं लिहायला किती वेळ लागतो? की तुला माझा इतका संताप आला आहे की कागदावर मावत नाही? तसं असेल तर तसं लिही. मी वाचेन.

असो. कागद मागे घेतलास. तेवढं पुरे असं मी स्वतःला सकाळपासून सांगतो आहे, आणि ते पुरत नाही.

पाणी नऊ अंश आहे. टोपी घाल.

योसियास


१२ जानेवारी

डेल्विन,

परवा रात्रीपासून तुझा फोन मला लागतो. मी तीनदा लावून घंटा वाजायच्या आत बंद केला. हे फोनवर सांगता येणार नाही, म्हणून पुन्हा कागद.

शर्यतीचं आधी. तू खडकांजवळून गेलास तेव्हा मी तुला पाहिलं. डोक्यावर टोपी होती, काळा जाड वेटसूट होता, छातीवर कसलीही अक्षरं नव्हती. कंपनी काय म्हणाली असेल ते तुझं तू बघ. तू माझ्या बोटीकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मला राग आला, आणि त्या रागाखाली मी देवाचे आभार मानत होतो. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

तुझ्यामागून दहा मिनिटांनी तो डच मुलगा पडला, लाल पतंगवाला. त्याच्या हातमोज्यांत पाणी शिरलं होतं, दांडी धरता येत नव्हती. मी त्याला आत घेतलं, आडवं ठेवलं, गुंडाळलं. किनाऱ्याजवळ येईपर्यंत सगळं ठीक होतं. पण तिथे लाटा उठत होत्या, मला सुकाणूची मूठ सोडता येत नव्हती, आणि आपली माणसं कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभी होती. तो मुलगा ताडपत्रीतून उठून बसला आणि म्हणाला, मी ठीक आहे. झालं. त्याला दोघांनी काखेत धरलं आणि उतरवायला लागले. तिसरा एक जण हसत म्हणाला, "ये बाबा, पायांनी ये, नाहीतर योसियास तुला पेटीत घालेल." मी ओरडत होतो, झोपवा त्याला, झोपवा. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? आणि गेलं असतं तरी कोण ऐकणार होतं? वर्षभर ते माझ्या स्ट्रेचरवर हसत आले होते.

मग तू वाळूवरून पळत पाण्यात शिरलास. तुझी शर्यत संपली होती, तुझ्या गळ्यात तिसऱ्या नंबरची फीत होती. तू त्यातल्या एकाला छातीवर हात लावून मागे सारलंस. तुझं बोलणं मला वाऱ्यातून अर्धं ऐकू आलं, बाकीचं मला नंतर लोकांनी सांगितलं, त्यामुळे पूर्ण लिहितो.

"आडवं ठेवा त्याला. हात काढा. माझ्या बापाला तुम्ही असंच चालवलं होतं."

तू आणि त्या तिघांनी मिळून त्या मुलाला उचललं, पाठ सरळ ठेवून, हळू. अंडं उचलल्यासारखं. वाळूवर बायका होत्या. त्यांनी माणूस आडवा येताना पाहिला, आणि तू चालता चालता त्यांना सांगत होतास, जिवंत आहे, जिवंत आहे, म्हणूनच उचललाय. त्यांच्यात राखेल होती.

तो मुलगा बरा आहे. संध्याकाळी मार्लीसकडे सूप पीत होता.

मी तुला लिहिलं होतं की ते फक्त तुझ्यासाठी आहे. जाळून टाक असं लिहिलं होतं. तू ते सगळ्या गावासमोर बोललास आणि गाडीत बसून निघून गेलास. त्या रात्री मला तुझा इतका राग आला होता की मी प्रार्थना अर्धी सोडून उठलो. आता तो राग कुठे ठेवू ते मला कळत नाही, कारण तू गप्प राहिला असतास तर तो मुलगा चालला असता.

काल रविवारी राखेल चर्चला आली नाही. दुपारी माझ्या पडवीत आली. मी शिवणयंत्रावर एक वेटसूट शिवत होतो. ती बाकावर बसली. मी यंत्र थांबवलं आणि तिला सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. चोळलं ते, ब्रँडी, तो आडवं होऊ दे म्हणाला ते. तिने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ती म्हणाली,

"एक गोष्ट तू गाळलीस."

मी म्हटलं, काही नाही गाळलं.

"कोण काय ओरडत होतं ते."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

"तुला आठवतं योसियास. सतरा वर्षं तू माझ्याकडे बघताना ते तुला आठवतं. मी ओरडले होते. अबेल, उठ, चालत ये माझ्याकडे. तीनदा ओरडले. तो पडत होता बोटीत, आणि माझा आवाज ऐकून उठला."

मी खोटं बोललो होतो, तुझ्याशीही. मला आठवतं. मी त्याला उभं केलं हे खरं आहे, पण हात सोडल्यावर तो माझ्यासाठी चालला नाही. मी म्हटलं, राखेल, कोणीही हाक मारली असती. ती म्हणाली, कोणीही नाही, मी मारली.

डेल्विन, सतरा वर्षं आम्ही दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसलो. ती मला वाचवत होती आणि मी तिला. आणि ती अकरा पावलं ती पाहुण्यांना अभिमानाने सांगत होती, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ती सांगता आली नसती. मला हे कधी दिसलं नाही. मी स्वतःला विचारी माणूस समजतो.

ती रडली नाही. जाताना म्हणाली, हे त्याला तू लिही, मला जमणार नाही. मी विचारलं, त्याला बोलावू का? ती पडवी उतरून गेली. आज सकाळी मी पुन्हा विचारायला तिच्याकडे गेलो. तिने माझ्यासाठी चहा ठेवला, तुझ्या खोलीतली चादर बदलली, खिडकी उघडली, आणि तुझं नाव घेतलं नाही. मी समजलो.

ती तुला बोलावणार नाही. कोणाला ये म्हणायचा धीर तिच्यात उरलेला नाही. म्हणून तिच्या जागी मी लिहितो.

ये.

ऊम योस